शिवा आला नाही

"उभी राव नको, आडवी हो! आडवी हो म्हनतो ना!"

अठरा वर्षं झाली, तरी हा आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. करंज्याच्या खाडीत ओहोटी लागलेली, मी गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलेली, आणि काठावर दहा वर्षांचा एक उघडाबंब मुलगा मला ओरडतोय. मी रडत रडत चिखलावर आडवी झाले… आणि खरंच सुटले! फक्त डाव्या पायातली निळी चप्पल तेवढी खाली राहिली. आईला मी सांगितलं, शाळेत हरवली. खाडीत गेल्याचं कळलं असतं तर आमची दोघांचीही धडगत नव्हती.

त्या मुलाचं नाव कुंदन. आणि महिनाभरातच बाबांची बदली झाली.

बाबा बँकेत. बारा वर्षांत सात घरं. प्रत्येक गावात मी नवी वही घातली, नवी मैत्रीण केली, आणि ट्रकच्या मागच्या धुळीत दोघींनाही सोडून आले. करंजा मात्र सुटलं नाही. म्हणून तर आता, पनवेलजवळच्या रोडपालीत, चौथ्या मजल्यावर, ऑफिसातून आल्यावर मी मुलांसाठी कादंबरी लिहीत बसायचे. बदल्यांच्या गावांतली एक मुलगी, खाडी, चिंबोऱ्या आणि शिवा नावाचा तिचा दोस्त.

श्रावणातला रविवार होता. ऊन-पावसाची पाठशिवणी चाललेली. सोसायटीच्या फाटकाशी पाइपसाठी खणून ठेवलेलं, आणि माझा पाय घोट्याच्या वरपर्यंत त्या चिखलात गेला. मी ओढतेय, तो आणखी आत…

"पाय वर ओढू नका मॅडम. आधी टाच फिरवा."

आवाज जाड झाला होता, भारदस्त झाला होता. हुकूम मात्र तोच! मी मान वळवली. छोटा टेम्पो, त्यावर 'करंज्याची ताजी मासळी', आणि बर्फाचा डबा खांद्यावर घेतलेला एक सावळा, उंच माणूस.

"आणि आडवी नको होऊ?" मी विचारलं.

डबा खांद्यावरून खाली आला. तो बघतच राहिला. पावसाची एक सर आली, आमच्या दोघांच्या मधून गेली…

"रेवा? बँकवाल्या सायबांची?"

"टाच फिरवली. आता हात देतोस, की आधी मासे विकून येतोस?"

त्यानं हात दिला. हाताला बर्फाचा गारवा होता, आणि मला उगाचच कानशिलापर्यंत ऊब चढली.

मग दर रविवारी टेम्पो आधी आमच्या फाटकाशी थांबायला लागला. मी एक प्रकरण द्यायचे, तो पुढच्या रविवारी चुका काढून परत आणायचा.

"तुझा शिवा चिंबोरी पुढनं धरतो? बोट जाईल पोराचं! मागनं धरायची, पाठीव अंगठा दाबून."

"लेखकाला थोडी मोकळीक असते."

"लेखकाला असेल, चिंबोरीला सांगितलंस का ते?" मग हळूच, कागदात बघत, "आणि शिवा का गं? माझं नाव वाईट होतं?"

"तू कोण म्हणून तुझं नाव घालू?"

"कोणी नाय," तो म्हणायचा, आणि पापलेटांच्या पिशवीत एक जास्तीचं टाकायचा. "हे शिवाकडनं."

पाऊस ओसरला. फाटकाशी पाइप बुजले. आश्विनात मी त्याला शेवटचं प्रकरण दिलं. त्याचं नाव होतं 'शिवा आला नाही'. मुलगी गाव सोडते. ट्रकच्या फळीवर बसून वळणापर्यंत मागे बघत राहते. शिवा निरोपाला येत नाही. तो तिला विसरला, असं तिला कळतं. जे झालं तेच लिहिलं होतं मी.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नव्हती. ऑफिसनं हैदराबाद विचारलं होतं. बढती होती. नको असेल तर इथेच, आहे त्या खुर्चीत. उत्तर द्यायला महिना दिला होता.

त्यानं ते प्रकरण टेम्पोतच, तिथल्या तिथे वाचलं. कागदाची घडी घातली. पुन्हा घातली.

"छान लिवलंय," म्हणाला. जास्तीचं पापलेट नाही, काही नाही… गेला.

पुढच्या रविवारी टेम्पोतून मिथुन उतरला, त्याच्याकडे कामाला असलेला ड्रायव्हर. त्याच्या पुढच्या रविवारीही तोच.

"कुंदन कुठाय?"

"दादा होडीवर हायत ताई. आता तूच जा, बोलले."

महिना संपत आला. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. शनिवारी सकाळी मी पनवेलहून उरणची एसटी धरली.

करंज्याला मासळीचा लिलाव उरकला होता. दोऱ्यांवर बोंबील टांगलेले, आणि त्यांच्या खाली सावलीचा तुकडा धरून कुंदनची आई बसली होती. गुणाबाई. केस पांढरे झाले होते, अंबाड्यातली अबोली तशीच.

"कोन गो तू?"

"रेवा. बँकेतल्या…"

तिनं मला वरून खाली न्याहाळलं. नजर थेट पायांपर्यंत नेली.

"आज दोनी पायान् चपला हायत ना?" आणि ती अशी हसली की मला काहीच कळेना. मग बोंबील चाळवत, माझ्याकडे न बघता, गळ्यातल्या गळ्यात सूर धरला—

"गेली गो गेली पोर, पनवेलच्या वाटंला
माजा गो कुंदन बसं, मोऱ्याच्या काठाला…"

"हे कुठलं गाणं, मावशी?"

"माजंच हाय. पोराला चिडवाया केलंय. जा, त्यालाच इचार." तिनं हनुवटीनं होडी दाखवली.

होडीच्या मागच्या टोकाला, नजर लागू नये म्हणून टांगतात तशी, लिंबू-मिरचीशेजारी एक चप्पल लोंबत होती. छोटीशी. रंग उडालेला, पण एका कडेला अजून निळा. पट्ट्यावर पांढरं फूल.



कुंदन जाळं विणत होता. मला बघून उठला, परत बसला.

"ही माझी आहे," मी म्हटलं.

"हो."

"कधी काढलीस?"

"तुमी जाणार होते त्याच्या आदल्या ओहोटीला." गोंधळला की त्याची जुनी बोली वर यायची. "धुतली, वाळवली. घरी आणून दिली असती तर तुझ्या आईला खाडीचं कळलं असतं. म्हणून म्हटलं, मोऱ्याच्या धक्क्याला देऊ. गर्दीत, गुपचूप."

"मोऱ्याला?"

"मुंबईला बदली झाली बोललीस ना तू? मुंबईला आमी मोऱ्याच्या लाँचनंच जायचो. पहाटे सायकल घेऊन गेलो. पहिली लाँच गेली, दुसरी गेली… शेवटच्या लाँचपर्यंत बसलो. लोकं ट्रकनं, पनवेलवरनंपण मुंबईला जातात, हे मला कुठं ठाऊक?"

तो हसायचा प्रयत्न करत होता. मला जमत नव्हतं.

"मग इतके रविवार बोलला का नाहीस?"

"काय बोलू? चुकीच्या धक्क्यावर थांबलो होतो, असं?" त्यानं जाळ्याची गाठ आवळली. "पण तू लिवलंस, शिवा विसरला. ते… ते लागलं गं. बाबांच्या होडीवरनं काढून या होडीला मी स्वतः बांधली ती चप्पल."

लाटा होडीच्या अंगावर थापा मारत होत्या. आता गप्प राहिले असते, तर पुन्हा तोच ट्रक, तेच वळण.

"मीही एक सांगितलेलं नाही," मी म्हटलं. "हैदराबादला बोलावलंय मला. सोमवारी उत्तर द्यायचंय."

त्याच्या हातातली सुई थांबली. रागावेल, नको म्हणेल… मी वाट बघत होते. आणि तो अगदी हळू म्हणाला,

"कशानं जाणार?"

"म्हणजे?"

"ट्रकनं, रेल्वेनं, विमानानं? या वेळेला आधीच सांग. मी बरोबर जागेव येऊन थांबीन."

डोळे भरून आले, होडी, चप्पल, तो, सगळंच डुलायला लागलं.

"नाही जाणार. सोमवारी नाही म्हणून कळवते."

"का?"

मी तोंड उघडलं. शब्द घशाशी आले आणि रुतले… ओढतेय, आणखी आत…

"टाच फिरव आधी," तो म्हणाला. आता खरंच हसत होता, डोळ्यांत पाणी घेऊन.

मी होडीच्या काठाला हात टेकला.

"त्या दिवशी पनवेल येईपर्यंत मी ट्रकमध्ये रडत होते. आई सारखी विचारत होती, काय झालं? मी सांगितलं, हरवलेली चप्पल आठवली. चपलेसाठी नव्हते रडत, कुंदन. तुझ्यासाठी रडत होते."