तीच खोली

फोन दुपारच्या जेवणानंतर आला. फोन करणाऱ्या आजींनी आधी अट घातली आणि मग नमस्कार केला. अंगठी नाही सापडली तरी चालेल, पण खोली आवरणाऱ्या बाईवरचा आळ आज संध्याकाळच्या आत उतरला पाहिजे. संध्याकाळी हॉटेलचा मॅनेजर पोलिसांना बोलावणार होता.

"तिच्यावर तुमचा एवढा विश्वास कशावरून?" वकीलबाईंनी विचारलं.

"मला दिसत नाही. माणूस मला हातावरून कळतो. तिचा हात चोराचा नाही."

वकिली सोडून खासगी तपासाची कामं घ्यायला लागल्याला बरीच वर्षं झाली, तरी त्यांचं 'वकीलबाई' हे नाव सुटलं नव्हतं. त्यांचे दीर निवृत्त झाल्यापासून त्यांची गाडी चालवायचे, आणि प्रत्येक प्रकरणात पोचता पोचताच चोर ओळखायचे. तो चोर आजवर एकदाही चोर निघालेला नव्हता. माणूस लाखात एक, पण तपासाच्या बाबतीत उजेडच. "वहिनी, आंधळ्या बाईची अंगठी म्हणजे नातेवाइकांपैकीच कुणीतरी," गाडी सुरू करतानाच ते म्हणाले. वकीलबाईंनी खिडकीची काच वर केली.

हॉटेल समुद्राकाठचं, जुनं पण नीट राखलेलं. दारातच मॅनेजर उभा होता. कोट कडक, हसू त्याहून कडक. नव्या नोकरांना दर आठवड्याला तो स्वतः शिकवायचा, आणि ते शिकवलेलं आल्या-गेल्याला ऐकवायचाही. पाहुण्याची गैरसोय झाली तरी ती त्याला कळता कामा नये, यालाच सेवा म्हणतात, असं त्याने लिफ्टची वाट बघता बघता भाऊजींना सांगून टाकलं. भाऊजींना ते फार पटलं. वकीलबाई लिफ्टसाठी थांबल्याच नाहीत, जिन्याने निघाल्या. आजींच्या मजल्यावर पोचल्या तेव्हा त्यांना थोडा दम लागला होता. जिना तिथेच संपत होता.

आजी खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, चष्मा नाही, कारण त्याचा उपयोग उरला नव्हता. त्यांनी वकीलबाईंचा हात हातात घेतला, क्षणभर धरून ठेवला आणि सोडला. मग सांगायला लागल्या.

लग्नाच्या पहिल्या वर्षापासून त्या नवऱ्याबरोबर इथे यायच्या. दर वर्षी हेच हॉटेल, आणि खोली हीच. पोहायला जाताना ते अंगठी काढून ठेवायचे. कुठे, तर पलंगाजवळच्या टेबलाचा खालचा खण पूर्ण बाहेर ओढायचा, अंगठी मागच्या फळीला टेकवून ठेवायची आणि खण परत लावायचा. चोराचा बापही इथे हात घालणार नाही, असं म्हणायचे. ते गेले. मग आजींची नजर गेली. तरी वर्षातून एकदा त्या येत, हीच खोली मागून घेत, त्यांची अंगठी त्या जागी ठेवत आणि जाताना काढून घेत.

"रात्री दिवा बंद केला की मी त्यांच्याशी बोलते," आजी म्हणाल्या. "घरी नाही बोलता येत. सुना-नातवंडं म्हणतील म्हातारीला भ्रम झाला. इथे बोलते."

काल सामान आवरायला घेतलं, खण ओढून हात घातला, तर अंगठी नव्हती. मॅनेजरला त्यांनी फक्त खणात ठेवली होती एवढंच सांगितलं. मागच्या जागेचं कुणाला का सांगायचं, ती दोघांची होती.

वकीलबाईंनी विचारलं, या वेळच्या मुक्कामात काही वेगळं वाटलं का.

काहीच नाही, म्हणाल्या. सगळे फार जपतात. लिफ्टपर्यंत हात धरून नेतात, बटण दाबतात, खोलीतल्या खुर्चीत आणून बसवतात. लिफ्ट तेवढी माझ्यासारखी म्हातारी झाली हो, हल्ली पोचायला वेळ लावते, असं म्हणून त्या हसल्या. आल्या तेव्हा वरच्या खोलीतलं कुणीतरी सारखं येरझारा घालायचं, तेही आता गेलेलं दिसतं, कारण पाऊल वाजत नाही. खिडकीवर झाडाची फांदी घासायची, ती माळ्याने छाटली असावी.

वकीलबाईंनी खिडकीतून बाहेर बघितलं. मग खालचा खण पूर्ण बाहेर ओढला आणि भाऊजींना मोबाइलचा दिवा धरायला सांगितलं. आत जाड धूळ होती. कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं, अख्खं.

बाहेर आल्यावर भाऊजींचा चेहरा उतरला होता. ते हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, इथे कित्येक महिन्यांत कुणाचा हात गेलेला नाही. आजींनी अंगठी ठेवलेलीच नाही. वय झालंय, घरीच राहिली असेल. कसं सांगायचं त्यांना?"

"धुळीचं तुमचं बरोबर आहे, भाऊजी. पुढचं नाही."

आजींचा भाचा खाली लॉबीत घाम पुसत बसला होता. आत्याला गाडीने आणून सोडणं आणि घेऊन जाणं, एवढंच त्याच्याकडे. मधे एकदा तो तिला दिवसभरासाठी आपल्या घरी जेवायला घेऊन गेला होता. खोलीत मात्र तो आज, हे प्रकरण झाल्यावर, पहिल्यांदाच गेला. एरवी हॉटेलचीच माणसं आत्याला खाली आणून देतात, ती सोय चांगली आहे, म्हणाला. आत्याला एकटीला राहायला आवडतं, मग आपण कशाला मधे मधे करायचं, हेही त्याने जरा ओशाळून सांगितलं.

खोली आवरणारी बाई चादरी-टॉवेलांच्या खोलीत स्टुलावर बसून होती. सगळं हॉटेल तिला ताई म्हणायचं. आज मात्र कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. रडून झालं होतं, आता नुसतेच डोळे सुजलेले. मॅनेजर दारात येऊन उभा राहिला.

आजींची वस्तू आपण कधी जागची हलू देत नाही, असं ती म्हणाली. कंगवा कुठे, औषधाची बाटली कुठे, चपला पलंगापासून किती लांब, सगळं जसंच्या तसं ठेवते, कारण त्यांना हाताने शोधावं लागतं.

"खण कधी उघडला होतात, ताई?"

तिने दाराकडे बघितलं. "उघडला होता एकदा. अंगठी नव्हती त्यात."

"कशासाठी उघडलात?"

ती खाली बघत राहिली.  मॅनेजरने खांदे उडवले. आता तुम्हीच बघा, असा त्याचा अर्थ. या धंद्यात एकदा चोरटी म्हणून नाव झालं की दुसरं हॉटेल दारात उभं करत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही. तिच्या एकटीच्या पगारावर घर चालत होतं.

परतताना वकीलबाईंनी मॅनेजरला सहज विचारल्यासारखं विचारलं, हॉटेल भरलेलं आहे का. जवळजवळ, तो म्हणाला. पहिल्या मजल्यावरची एक खोली तेवढी बंद आहे, छताला गळती लागली. या बाजूच्या सगळ्या खोल्या एकसारख्याच ना, यावर तो खुलला. इंचाचाही फरक नाही. दिव्याचं बटणसुद्धा एकाच जागी. डोळे मिटून वावरा.

"कुठेतरी पाणी मुरतंय," भाऊजी पुटपुटले.

"आयुष्यात पहिल्यांदा नेमकं बोललात," वकीलबाई म्हणाल्या आणि सगळ्यांना आजींच्या खोलीत बोलवायला निघाल्या.

सगळे जमले तेव्हा उन्हं अजून खिडकीत होती. भाचा दाराशी, ताई भिंतीला टेकून, मॅनेजर मधोमध. वकीलबाई आजींच्या शेजारी पलंगाच्या कडेला बसल्या आणि आधी त्यांनाच म्हणाल्या की जे सांगणार आहे त्याने त्रास होईल.

"सांगा. आळ उतरू दे."

"आजी, तुमच्या डोक्यावरची पावलं थांबली, कारण वर आता कुणी राहतच नाही. हा शेवटचा मजला आहे. जिना इथे संपतो. लिफ्ट म्हातारी झालेली नाही, तिला आता जास्त वर यावं लागतं. आणि फांदी कुणी छाटलेली नाही. झाडाचा शेंडा या खिडकीच्या खाली आहे, मी बघितला. तुमच्या खणामागे महिनोनमहिन्यांची धूळ आहे. भाऊजींना वाटलं तुम्ही विसरलात. तुम्ही विसरलेल्या नाही. तुम्ही अंगठी ठेवलीत, पण या टेबलामागे नाही. ही तुमची खोली नाही."

 आजींचा हात खुर्चीच्या दांडीवर होता, तो तिथेच घट्ट झाला.

बाकीचं वकीलबाईंनी भराभर सांगितलं. पहिल्या मजल्यावरच्या खोलीचं छत गळायला लागलं तेव्हा आजी भाच्याकडे जेवायला गेल्या होत्या. त्यांना विचारलं तर दुसऱ्या खोलीत जायला त्या कबूल होणार नाहीत, हे मॅनेजरला माहीत होतं. पाहुण्याला न विचारता त्याचं सामान हलवायचं नाही हा हॉटेलचा नियमही माहीत होता. पण खोल्या एकसारख्या, आणि पाहुणीला दिसत नाही. त्याने ताईंना सगळं सामान वर न्यायला लावलं, जसंच्या तसं मांडायला सांगितलं आणि सगळ्या नोकरांना तोंड बंद ठेवायला सांगितलं. संध्याकाळी आजींना हात धरून इथे आणलं. ताईंनी खण उघडला तो सामान काढायला. खणामागे काही असेल हे त्यांना स्वप्नातही माहीत नव्हतं. अंगठी गेली असं कळल्यावर खरं सांगायचं तर आजींची प्रत्येक वस्तू आपण एकटीने हाताळली हेही सांगावं लागणार, म्हणजे स्वतःच फास घालून घ्यायचा. म्हणून त्या गप्प बसल्या.

"आणि तुम्ही," त्या मॅनेजरकडे वळल्या, "ताईंनीच चोरली असं तुम्हाला खरंच वाटलं असेल. पण सामान हलवलंय हे पोलिसांनासुद्धा सांगणार नव्हतात. तुमची नोकरी वाचवायला त्यांची घालवत होतात."

 आपण आजींच्याच सोयीसाठी केलं, असं काहीतरी मॅनेजर म्हणाला. पूर्ण बिल माफ, पुढच्या वर्षीचा मुक्काम फुकट, असंही म्हणाला. भाचा त्याच्या अंगावर जाणार होता, भाऊजींनी त्याला धरलं.

आजींनी मधेच विचारलं, "ताई कुठे आहे?"

"इथे आहे, आजी."

"संध्याकाळी मला हात धरून तूच आणलंस. 'आली बरं का तुमची खोली,' असं म्हणालीस."

"म्हणाले."

"रात्री दूध घेऊन यायचीस. मी त्यांच्याशी बोलत असायचे. ऐकायचीस?"

ताईला हुंदका आला. "हो."

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही खूश होतात, आजी. कोणत्या तोंडानं सांगू."

 आजींचा आवाज फुटला, आणि तो ऐकून भाऊजींनी तोंड फिरवलं. "एवढ्या सगळ्या रात्री मी भलत्याच खोलीत बोलत बसले गं. आणि हॉटेलातल्या सगळ्यांना ते माहीत होतं."

  चोरी वकीलबाईंना उलगडता येत होती, हे कसं उलगडणार.

शेवटी आजीच उठल्या. चोर कुणी नाही हे सगळ्या नोकरांना एकत्र बोलवून सांगायचं, माझ्यासमोर सांगायचं, आणि आज सांगायचं, असं त्यांनी मॅनेजरला बजावलं. मग हात पुढे केला, कुणाकडे ते बघता न आल्यामुळे नुसताच हवेत. ताई जागची हलली नाही. आपण तो धरायचा की नाही हे तिला कळेना.

"ये, धर. खाली ने मला."

पहिल्या मजल्यावर खोलीचं कुलूप काढलं तेव्हा ओलीचा वास बाहेर आला. टेबल प्लॅस्टिकखाली झाकलेलं होतं. ताईने खण ओढला, आजींनी स्वतः हात घातला आणि अंगठी मुठीत घेतली. बाकीचे दाराबाहेरच थांबले. कुणी त्यांना थांबायला सांगितलं नव्हतं.

"आता सांग, कशी दिसते खोली," आजी म्हणाल्या. "मला बरं वाटावं म्हणून नको सांगू. आहे तशी सांग."

ताईने डोळे पुसले आणि खोलीकडे नीट बघितलं. छताचा पोपडा पडलाय, ती म्हणाली. पलंगाची गादी काढलीय, नुसत्या फळ्या आहेत. भिंतीवर पिवळा ओघळ आलाय, खिडकीपासून पार खालपर्यंत. कोपऱ्यात बादली आहे, निम्मी भरलेली.

"आणखी?"

"खिडकीला झाड टेकलंय, आजी."

आजी चाचपडत पलंगाच्या फळ्यांवर बसल्या. दार लोटून घ्यायला सांगितलं. ताई बाहेर जायला निघाली, तर म्हणाल्या, तू थांब.