दाराबाहेरचा वाटा

आईसाठी भरलेला रुमाल टोपलीत सगळ्यात वर ठेवून नासारिया घराबाहेर पडली, तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. या आठवड्यात गावातली प्रत्येक बाई अशीच निघते. टोपलीत जुनी फडकी, रंगाचा मऊ ब्रश, दोन मेणबत्त्या आणि नवा रुमाल. गेलेले माणूस तीन वर्षे मातीत राहते. मग त्याची हाडे वर काढून लाकडाच्या पेटीत ठेवतात आणि पेटी कबरस्तानाच्या भिंतीतल्या कोनाड्यात, झाकण उघडे ठेवून. वर्षातून एकदा घरच्यांनी ती हाडे पुसायची, खालचा रुमाल बदलायचा, चार शब्द बोलायचे, घरी जेवायला बोलवायचे. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला ती माणसे येतात. यात भिण्यासारखे काही नाही. लेक माहेरी येते, तसेच ते येणे.

नासारियाचे लग्न झाले नव्हते. बहीण तिच्या संसारात होती; नासारियाचे सगळे गणगोत एका आईत होते, आणि ती आई, इसाउरा, जाऊन अकरा वर्षे झाली होती. यंदाच्या रुमालासाठी नासारिया आठ महिने खपली होती. कडेने डाळिंबी फुले, दोन कोपऱ्यांत निळे पक्षी आणि मधोमध आईचे नाव. असे भरतकाम आसपासच्या चार गावांत कुणाला जमत नव्हते, आणि ते तिला ठाऊक होते.

चर्चच्या वळणावर मागून गाडीचा भोंगा वाजला. बहिणीचा मुलगा विल्बर होता. गाडीत सहा परदेशी माणसे, प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा.

"मावशी, पायी कशाला? चढ की."

"तुझ्या गाडीत? आधीच पिंजऱ्यात कोंबड्या भरल्यासारखे भरलेत ते."

"सहाच तर आहेत." तो खाली उतरला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आठ दिवस फिरवतोय यांना. पडकी देवळं झाली, खेडी झाली, पहाटेचं धुकं झालं. आता एकच राहिलंय."

"काय?"

"तू."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"ऐक तरी. हाडं पुसतानाचे फोटो हवेत त्यांना. काल पलीकडच्या गावात लोकांनी हाकलून दिलं. त्यांचा म्हातारा म्हणतो, इथंही नाही जमलं तर पुढच्या वर्षी वाटाड्या दुसरा बघीन. दोन वर्षांनी काम मिळालंय गं मला."

"विल्बर, आजीला फोटो चालत नव्हता. तुला माहीत आहे."

माहीत नसायला काय झाले. इसाउराने जन्मात कधी फोटो काढू दिला नव्हता. लहानपणी नासारियाने चर्चमध्ये पहिला प्रसाद घेतला, त्या दिवशी घरात फोटोवाला आला, तर ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तो जाईपर्यंत वळली नाही. त्या फोटोत सगळे कुटुंब आहे, आणि कडेला इसाउराचा अंबाडा. शेवटच्या दुखण्यात तिने नासारियाचा हात धरून सांगितले होते, "मला पुसशील ते तू एकटीने. माझं तोंड लोकांना दाखवू नकोस." नासारियाने हो म्हटले होते.

"मग आजी नको," विल्बर म्हणाला. "दुसरं कुणीही चालेल. त्यांना काय कळतंय?"

नासारियाने नाही म्हणायला हवे होते. पण तिला कोपऱ्यातली ती पेटी आठवली. आईच्याच रांगेत, तीन कोनाडे सोडून. नाव पावसाने पुसून गेलेले, खालचे कापड कुजून दोरे झालेले. त्या पेटीकडे कुणी फिरकत नसे. बिचारीची हाडे पुसली जातील, पुण्यच लागेल, असे नासारियाने स्वतःला समजावले. आणि आणखी एक गोष्ट होती, जी तिने तेव्हा स्वतःलाही सांगितली नाही. आपला रुमाल कुणीतरी पाहावा, असे तिला वाटत होते.

म्हातारा भला माणूस होता. कबरस्तानात पोचल्यावर त्याने टोपी काढली, छातीवर हात ठेवून परवानगी मागितली. बाकीचे पाचजण हळू पावलांनी मागे सरून दूर उभे राहिले. नासारियाने पेटी पुढे ओढली. हाडे बारीक होती. डोक्याशी एक वेणी होती, मनगटाएवढी जाड, काळीभोर, लाल फितीने गुंफलेली. पंचविशीचीसुद्धा नसेल ही. नासारिया ब्रशने धूळ झाडू लागली. कॅमेऱ्यांची खटखट सुरू झाली, शेंगा फुटाव्यात तशी.

"मावशी, तू बोलतेस ना हाडांशी?" विल्बरने विचारले. "ते म्हणतायत, बोल काहीतरी."

मान खाली घालून नासारिया म्हणाली, "आई, मी आले."

तेवढ्यात ढग आला. म्हाताऱ्याने हात वर केला.

"पुन्हा एकदा गं," विल्बर म्हणाला. "ऊन गेलं होतं."

"आई, मी आले."

"आता तोंड जरा वर कर. एवढं शेवटचं."

"आई, मी आले गं. चल, घरी जेवायला चल."

घरी चल हे तिला कुणी म्हणायला सांगितले नव्हते. सवयीने तोंडातून गेले.

मग म्हाताऱ्याला टोपलीतला रुमाल दिसला. त्याने दोन्ही हात जोडून तो मागितला. नासारियाने तो पेटीत अंथरला, नाव वर करून, आणि कवटी उचलून त्यावर ठेवली. त्या कोनाड्यात ऊन कधीच पोचत नाही. तरी ती कवटी तिच्या तळहातांना गरम लागली, तापातल्या पोराचे कपाळ लागते तशी. म्हातारा मोडक्या स्पॅनिशमध्ये "सुंदर, फार सुंदर" म्हणाला. त्यांच्यातल्या एका बाईने डोळे पुसले. नासारियाला बरे वाटले. खोटे कशाला सांगू, फार बरे वाटले.

गाडी गेली. रुमाल परत काढून घ्यावा म्हणून ती पेटीशी वाकली, तर मागे खराटा थांबल्याचे तिला जाणवले. कबरस्तानाचा राखणदार, डॉन क्रेसेन्सियो, खराट्यावर हनुवटी टेकून उभा होता.

"नासारिया, तुझी आई तिकडे आहे."

"ठाऊक आहे."

"मग इकडे कुणाला आई म्हणत होतीस?"

"फोटोसाठी हो... कोण आहे ही?"

"कुणास ठाऊक. मी इथं लागलो त्याच्या आधीची. तीस वर्षांत तिला कुणी हाक मारलेली मी ऐकली नव्हती." त्याने दोन-चार पाने झाडली. "आणि तू तर घरीही बोलावलंस."

तो झाडत पुढे गेला. नासारियाने रुमालाचे टोक धरले. वेणी नावावर आडवी पडली होती. तिने ती पडताना पाहिली नव्हती. जिला आताच तीनदा आई म्हटले, तिच्या अंगाखालचे कापड ओढायचे कसे? तिचे हात मागे आले. आईला नवा रुमाल करू, अजून चार दिवस आहेत, असे म्हणत ती तशीच घरी गेली.

आठ महिन्यांचे काम चार दिवसांत कुठून होणार? कडेची फुले जेमतेम झाली. नाव भरायला घेतले, तर निम्म्यावर दोरा संपला. तो अर्धा रुमाल घेऊन एकतीस तारखेला ती आईच्या कोनाड्यापाशी गेली, आणि टोपली तिच्या हातातच राहिली.

आईचे डोके भिंतीकडे वळले होते.

मांजरे फिरतात इथे, ती मनात म्हणाली. तिने ते हलकेच पुढे वळवले, पुसले, अर्धा रुमाल खाली घातला. मग तोंड उघडले. पण शब्द येईनात. "आई, मी आले" हे तीन शब्द ती अकरा वर्षे न चुकता म्हणत आली होती. आज ते उष्टे झाले होते. उष्टे आईच्या पानात कसे वाढायचे? घरी बोलावणे तसेच राहिले. नुसता पेटीवरून हात फिरवून ती परतली.

पहिल्या तारखेला तिने तांबडे फुटायच्या आत घर झाडून काढले. कपडे आदल्या दिवशीच धुतले होते, आलेल्या आईला कामाला हात लावावासा वाटू नये म्हणून. खोलीत आईची बसायची-निजायची, दोऱ्यांनी विणलेली झोळी टांगली. टेबलावर पांढरे कापड, मेणबत्ती, झेंडू, राळेचा धूप. केळीच्या पानात बांधलेला, कोंबडीचे सारण घातलेला मक्याचा जाड रोट, म्हणजे पिब, अंगणातल्या खड्ड्यात निखाऱ्यांवर पुरलेला होता. आणि दाराबाहेर, लिंबाच्या फांदीला, तिने एक शिंके टांगले. त्यात तुंब्याची वाटी. तो वाटा बेवारशांचा. ज्यांना कुणी नाही, ते उंबरठ्याच्या आत येत नाहीत. आत यायला बोलावणे लागते.

अकराच्या सुमाराला विल्बर आला. खुशीत होता.

"फोटो पाठवले त्यांनी. बघ, राणीसारखी दिसतेस. म्हातारा म्हणतो, पुढच्या वर्षी दहाजण आणतो."

नासारियाने त्याच्या फोनमध्ये पाहिले. पहिल्या फोटोत ती मान खाली घालून बसली होती. मागे भिंतीतल्या पेट्यांची रांग दिसत होती, आणि तीन कोनाडे सोडून आईची पेटी. आईचे डोके समोर, वाटेकडे. दुसऱ्या फोटोत आईच्या एका गालाचे हाडच तेवढे दिसत होते. तिसऱ्यात, जिथे नासारियाचे तोंड वर होते आणि ओठ उघडे होते, तिथे आईची पाठ होती.

"मागचा दाखव," ती म्हणाली. "आता पुढचा. परत मागचा."

"काय बघतेस?"

"काही नाही."

विल्बरने फोन जवळ नेऊन पाहिले. थोडा वेळ पाहिले. "ऊन-सावलीनं असं दिसतं," तो म्हणाला, पण फोन लगेच खिशात घातला.

"घरी जा. तुझी आई जेवायची थांबली असेल."

तो गेला. नासारिया पिब काढताना एकच विचार करत होती. आईने पाठ फिरवली ती कॅमेऱ्याकडे, की माझ्याकडे?

आईचा तुकडा पानासकट टेबलावर ठेवला, शेजारी मक्याच्या लापशीचा पेला. तेवढेच, पेल्यासकट, बाहेर तुंब्यात ठेवले. मग रिवाजाप्रमाणे ती मागच्या अंगणात जाऊन बसली. आलेल्यांनी जेवावे, आपण बघत बसू नये.

ऊन डोक्यावर आले. कोंबड्या लिंबाखाली गप्प झाल्या. शेजारचा रेडिओ बंद पडला. आणि घरातून झोळीचा आवाज आला. कुर्र... कुर्र...

आली. नासारियाच्या डोळ्यांत पाणी आले. न बोलावता आली.

पण ती ऐकत राहिली, आणि पाणी डोळ्यांतच थांबले. आईचे कंबरेचे हाड दुखरे होते. ती झोळीत बसली की पाय जमिनीला टेकवून बसायची, झोका कधी घ्यायची नाही. हा झोका लांब होता. पायाने रेटा देऊन घेतलेला. पोरसवदा.

ती उठून आत गेली. झोळी थांबली. मध्यभागी ती खाली ओढलेली होती, रिकामी असताना जशी वर उचललेली राहते तशी नव्हती. खोलीत राळेचा वास नव्हता. ओल्या चुन्याचा होता, कोपऱ्यातल्या कोनाड्यात येतो तसा. टेबलावरचे पान उघडून पसरलेले होते. पेला सुलटा, तळाला थोडी लापशी उरलेली. इसाउराने पेल्यात कधी थेंब ठेवला नव्हता.

झोळीला पाठ न दाखवता नासारिया एक-एक पाऊल मागे सरकत पुढच्या दारातून बाहेर आली.

शिंके हलत नव्हते. तिने तुंब्यात पाहिले. केळीच्या पानाची चौपदरी घडी घातलेली होती, टोक आत खोचलेले, पाकिटासारखे. वर पेला पालथा घातलेला. जेवण झाले की पानाची अशी घडी घालताना नासारियाने उभ्या आयुष्यात एकाच बाईला पाहिले होते. लहानपणी नासारिया हसायची त्या घडीला. म्हणायची, आई, पत्र कुणाला पाठवतेस?

म्हणजे आई आली होती. आपल्या घराच्या दारापर्यंत आली होती. आत कुणीतरी तिच्या नावाने बसलेले तिने पाहिले, आणि ती भांडली नाही, बोलली नाही. बाहेर उभी राहून बेवारशांचा वाटा खाऊन गेली.

पुढचा पांढरा रस्ता उन्हात रिकामा पडला होता. नासारिया तुंबा छातीशी धरून फाटकापर्यंत गेली. तिला अकरा वर्षांचे सगळे सांगायचे होते, रुमालाचे सांगायचे होते, बरे वाटल्याचेही सांगायचे होते.

"आई..." तिने रस्त्याकडे पाहून हाक मारली. "आई, मी..."

रस्त्यावर काहीच हलले नाही.

मागे, घरात, झोळीचा दोर कुरकुरला. हाक ऐकून कुणी पाय खाली सोडावेत आणि उठावे, तेव्हा कुरकुरतो तसा.