हातमोज्यांमधलं प्लास्टिक

"दुसरं अपीलही फेटाळलं. आता शेवटचं उरलंय. येताय की दुसरा वकील बघू?"

ना नमस्कार, ना नाव. पण वकीलबाईंनी आवाज लगेच ओळखला. सगळं शहर ओळखायचं. गोलमध्ये उभा राहिला की दार उघडत नाही म्हणून लोक या गोलकीपरला कौतुकाने 'कुलूप' म्हणायचे. आता तेच लोक त्याला चोर म्हणत होते.

प्रकरण सगळ्यांना पाठ होतं. फुटबॉल लीगचा अंतिम सामना रंगात आलेला असताना कुलूपचा खांदा निखळला. त्याला उचलून डॉक्टरांच्या खोलीत नेलं. सामना अजून चालू होता, आणि इकडे लीगच्या शिस्त अधिकाऱ्याने खेळाडूंच्या खोलीतलं त्याचं कपाट उघडलं. कोणीतरी निनावी फोन केला होता म्हणे. कपाटात हातमोजे सापडले. दोन्ही तळव्यांवर चिकट राळ फासलेली होती. बॉल हाताला चिकटून बसावा म्हणून केलेली सरळसरळ लबाडी!

शिक्षा झाली दोन वर्षांच्या बंदीची. कुलूपच्या वयाला दोन वर्षं म्हणजे कायमचा रामराम, आणि तोही कपाळावर चोराचा शिक्का घेऊन.

वकीलबाई त्याच्या घरी पोचल्या तेव्हा फाटकावर काळ्या रंगात 'चोर' लिहिलेलं होतं. बायकोने दार उघडलं, त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि आत ओरडली, "आली बघा आणखी एक वकील!"

कुलूप गळ्यात हात बांधून बसला होता. खुर्चीकडे नुसती मान हलवली.

"राळ तुम्ही लावलीत?" बाईंनी विचारलं.

"लावली असती तर गप घरी नसतो बसलो?"

"मला फोन करणाऱ्यांतले निम्मे तरी खोटारडे असतात."

"मग जा ना. कोणी धरून ठेवलंय?"

बाई गेल्या नाहीत. असल्या तिरसटपणाला भीक घालणाऱ्यातल्या त्या नव्हत्याच. त्यांनी दोन्ही निकाल पुढे टाकले.

"दोन्हीकडे एकाच गोष्टीवर बोट ठेवलंय. दोन हातमोज्यांच्या मधे प्लास्टिकचा तुकडा होता. त्याचं काय?"

कुलूपने दात आवळले. "हातमोज्याच्या तळव्याला मऊ रबर असतो. ओला तळवा तळव्याला लावून ठेवला की चिकटतो, आणि सोडवताना सालपटं निघतात. म्हणून मधे प्लास्टिक घालायचं. पोरवयात एकदा महागाची जोडी फाटली की जन्मभराची सवय लागते. हात आपोआप करतो ते."

"आणि ही सवय फक्त गोलकीपरला असते."

"बाकीच्यांना कशाला असेल? म्हणून तर म्हणाले, तूच ठेवलेस. अहो, माझा हात खांद्यापासून लोंबत होता! मी काय प्लास्टिक शोधत बसणार होतो?"

"मग हातमोजे काढले कोणी?"

"डोळ्यांपुढे अंधारी आली होती. नाही आठवत."

दोन अपिलं लढली, आणि एवढा साधा प्रश्न कोणी धसास लावला नव्हता. आधीच्या वकिलांनी नुसतीच फी घेतली की काय, असं बाईंच्या मनात आलं.

संघाचं सामान सांभाळणाऱ्याला सगळे काका म्हणत. त्याची खोली स्टेडियमच्या पोटात होती. धुलाईयंत्र घरघरत होतं, बुटांचा ओला वास भरून राहिला होता.

"त्या माणसासाठी आला असाल तर दरवाजा तिकडे आहे," काका म्हणाला.

"एवढा राग?"

"दहा जणांदेखत मला 'धोबी' म्हणाला होता. का, तर त्याच्या हातमोज्यांना हात लावला म्हणून. तेव्हापासून त्याचे मोजे तो जाणे नि तो धुणे."

"त्या दिवशी तरी हात लावलात?"

काका घुटमळला. "लावावाच लागला. डॉक्टर ओरडले, मोजे काढा, बोटं बघायचीत. मी ओढून काढले आणि नेऊन त्याच्या कपाटात भिरकावले. चिखलाने नुसते लडबडलेले. मग परत मैदानाकडे पळालो."

"तळवे चिकट होते?"

"चिखल होता हो, चिखल! राळ असती तर माझ्या हाताला नसती लागली?"

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला विचारलं कोणी? आणि विचारलं असतं तरी त्याच्यासाठी मी का तोंड उघडू?"

बाईंनी पिशवीतून एक ओली जोडी काढली. "ही जरा नीट ठेवून द्या बघू."

काकाने तळव्यावर तळवा थापला, मोज्यांची गुंडाळी केली आणि फळीवर फेकली. बाईंना हसू आलं.

"तेव्हा खोलीत आणखी कोण जाऊ शकत होतं?"

"दारावर पहारा असतो. संघाची माणसं आणि लीगचे अधिकारी, बास. पण संघातले झाडून सगळे मैदानावर होते. दुसरा गोलकीपर त्याच्या जागी खेळत होता. गोलकीपरांचा कोच कडेला उभा राहून बोंबलत होता, टीव्हीवर दिसतोय की."

शिस्त अधिकाऱ्याची खोली काचेसारखी लख्ख होती. पुरावा दाखवणं त्याला भागच होतं, म्हणून त्याने दाखवला, पण असा की जणू बाई चोरून नेणार आहेत.

"हात लावायचा नाही. लांबून बघा."

बाईंनी भिंग काढलं. तळव्यांवर सुकलेला चिखल होता आणि राळ त्याच्यावर पसरली होती. मधल्या प्लास्टिकची कड वेडीवाकडी होती. बर्फाच्या पिशवीतून फाडलेला तुकडा असावा.

"हे प्लास्टिक तुम्ही घातलंत?"

"मी? मला यातलं काय कळतं? जसं सापडलं तसं पाकिटात घातलं. दोन्ही सुनावण्यांत शपथेवर सांगितलंय."

"तुम्ही कधी खेळला नाहीत?"

"कॉलेजात संघाबरोबर फिरायचो. पाणी-बिणी द्यायचो."

बाईंची नजर भिंतीवरच्या जुन्या फोटोवर गेली. पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातली पोरं ओळीने उभी होती आणि टोकाला एकच जण साध्या, एकरंगी शर्टात. कपाळावर केस आलेले, चेहरा नीट दिसत नव्हता. खाली टेबलावर दुसरा फोटो होता. त्यात अधिकाऱ्याच्या खांद्याला रेलून एक तरुण कुबडीवर उभा होता.

"हे चिरंजीव का?"

"भाचा. खेळायचा," अधिकारी म्हणाला आणि त्याने फोटो पालथा घातला. "झालं तुमचं? त्या नालायकाला सांगा, हे अपील त्याची शेवटची पायरी आहे."

सुनावणीच्या दिवशी इमारतीबाहेर गर्दी घसा फोडून ओरडत होती. कुलूपच्या कोटावर कोणीतरी अंडं फोडलं. तो तसाच आत येऊन बसला. पुसलंही नाही.

लवादाचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. येतानाच कपाळाला आठ्या घेऊन आले होते.

"बाई, तेच ते उगाळणार असाल तर माझा वेळ घालवू नका."

आधी काकाने साक्ष दिली. तोंड कडू करून दिली, पण खरी दिली. मग शिस्त अधिकारी उभा राहिला. बाईंनी ओली जोडी अध्यक्षांना दाखवली आणि बोलता बोलता अधिकाऱ्याच्या हातात दिली.

"धरा जरा. तर साहेब, काका म्हणतो तळव्यांवर राळ नव्हती. तुम्ही म्हणता होती. कोण खोटं बोलतंय?"

"तो सामानवाला! संघाचं मीठ खातो तो!"

"त्याचं आणि कुलूपचं वैर सगळ्यांना माहीत आहे. की निनावी फोनच खोटा होता?"

"तोंड सांभाळून बोला!" अधिकारी लालबुंद झाला. "अध्यक्ष महाराज, ही बाई माझ्यावर आरोप करतेय! इतक्या वर्षांची माझी नोकरी..."

"कपाट उघडताना सोबत साक्षीदार का नेला नाहीत?"

"वेळ नव्हता! सामना संपला असता तर त्याने मोजे लपवले असते!"

तो ओरडत होता आणि बाई त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. त्या त्याच्या हातांकडे बघत होत्या. हळूहळू अध्यक्षही तिकडेच बघायला लागले.

अधिकाऱ्याने समोरच्या फाइलचं प्लास्टिकचं वेष्टण फाडलं होतं. तुकडा दोन तळव्यांच्या मधे सरकवला होता. वरून हात फिरवून सारखा केला होता. मग त्याने जोडी हलकेच टेबलावर ठेवली, आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की आपल्याशिवाय कोणीच बोलत नाहीये.

"पाणी देणाऱ्याला ही सवय कशी लागली, साहेब?" बाईंनी विचारलं.

त्याने जोडी झटकन दूर सारली.

"मी सांगते," बाई अध्यक्षांकडे वळल्या. "राळ चिखलाच्या वर आहे. म्हणजे ती खेळानंतर लावली. काकाने मोजे फेकले तेव्हा मधे प्लास्टिक नव्हतं, सापडले तेव्हा होतं. आधीच्या दोन्ही समित्या म्हणाल्या, हे काम गोलकीपरचंच. अगदी बरोबर म्हणाल्या. पण माझ्या अशिलाचा खांदा निखळलेला, दुसरा गोलकीपर मैदानात, त्यांचा कोच टीव्हीवर. उरलं कोण? यांच्या खोलीत कॉलेजच्या संघाचा फोटो आहे. सगळे पट्ट्यांच्या शर्टात, एक जण वेगळ्या रंगात. संघात वेगळा रंग कोणाचा असतो?"

"गोलकीपरचा," अध्यक्ष पुटपुटले.

"यांनी निनावी फोनची थाप मारली, मोज्यांना राळ फासली, आणि पाकिटात घालायच्या आधी हातांनी जुनी सवय पाळली. पुढे त्याच प्लास्टिकवर निकाल गेले, तेव्हा यांना आयतंच फावलं. खेळलोच नाही म्हटलं की संशयाला जागा नाही! राहता राहिलं कारण. टेबलावर भाच्याचा फोटो आहे. कुबडीवरचा."

"माझ्या बहिणीचा पोरगा आहे तो!" अधिकारी एकदम किंचाळला. "मी शिकवला त्याला, मी! हा माणूस गोल सोडून धावत आला आणि दोन्ही पायांनी त्याच्या गुडघ्यावर उतरला. पोरगा आता जिना चढू शकत नाही. काय झालं याला? पंचाने साधं कार्ड दाखवलं नाही! मी तक्रार केली तर म्हणे अपघात! कुठल्या अपिलात जायचं होतं मी?"

त्याला बाहेर नेलं तेव्हाही तो ओरडतच होता. अध्यक्षांनी बंदी तिथल्या तिथे उठवली आणि अधिकाऱ्यावर गुन्हा नोंदवायला सांगितलं.

बाई बाहेर आल्या तेव्हा कुलूप व्हरांड्यातल्या खिडकीपाशी एकटाच उभा होता. खाली गर्दीला निकाल कळला असावा, कारण आता ती त्याच्या नावाने जयजयकार करत होती. त्याने खिडकी लावून घेतली. आभार मानेल अशी बाईंची अपेक्षा नव्हतीच. पण एक प्रश्न विचारायचा राहिला होता.

"तो गुडघा. खरंच अपघात होता?"

कुलूप कोटावरचं सुकलेलं अंडं नखाने खरवडू लागला.

"त्या गुडघ्यासाठी बंदी घातली असती ना," तो म्हणाला, "तर मी अपील केलं नसतं."