कारण लिहून घ्या

"पासपोर्ट, मादाम."

इन्साफने पर्स उघडली, आत उगीच इकडेतिकडे चाचपलं आणि चेहऱ्यावर जमेल तितका भोळेपणा आणला. "अरे देवा... हॉटेलातच राहिला वाटतं!" हे ती फ्रेंचमध्ये म्हणाली, तेही अगदी पॅरिसच्या हेलात. शिकायला म्हणून तिथे काढलेली दोन वर्षं आज कामी येत होती.

ट्युनिशियातल्या हम्मामेतच्या समुद्रकाठच्या त्या कॅसिनोच्या दारात उभा असलेला माणूस जराही विरघळला नाही. उंच, सावळा, पांढराशुभ्र शर्ट, आणि डोळ्यांत कसली तरी गंमत. कोटावरच्या पट्टीवर नाव होतं – झुहैर गर्बी.

"मग घेऊन या. मी कुठे जात नाही."

"पाच मिनिटं नुसतं बघते. खेळणार नाही, शप्पथ!"

"न खेळणाऱ्यांनाही पासपोर्ट लागतो."

"माझ्याकडे बघून मी कुठली वाटते तुम्हाला?" तिने मान किंचित तिरकी करून विचारलं. आदल्या आठवड्यात दोन कॅसिनोंची दारं एवढ्यावरच उघडली होती.

त्याने खरोखरच बघितलं. सावकाश, नीट.

"बघून तर फार छान वाटता. पण माझ्या रजिस्टरमध्ये तो रकाना नाही."

इन्साफला हसू आलं, ते तिने दाबलं.

"बाहेर उकडतंय," तो म्हणाला. "थांबणार असाल तर पाणी मागवू?"

तिने हनुवटी जराशी वर उचलली आणि जिभेने हलकंच 'च्च' केलं.

झुहैर एकदम मोठ्याने हसला, आणि फ्रेंच सोडून सरळ अरबीवर आला. "बाईसाहेब, फ्रान्समध्ये कुणी असं 'नाही' म्हणत नाही. हे 'नाही' आपल्याकडे आईच्या दुधाबरोबर येतं. जा आता, घरी जा."

आता नाटकात अर्थ नव्हता. इन्साफने पर्समधून ओळखपत्र काढून त्याच्यापुढे धरलं. इन्साफ जाझिरी, विधी अधिकारी, जुगार नियमन समिती, ट्यूनिस. "ट्युनिशियन नागरिकाला जुगाराच्या हॉलमध्ये प्रवेश नाही, हा नियम तुम्हाला माहीत आहे ना?"

"ते तर मघापासून मीच तुम्हाला सांगतोय!"

त्याने ओळखपत्र हातात घेऊन नाव वाचलं.

"नाव इन्साफ, आणि काम कायद्याचं," ओळखपत्र परत देत तो म्हणाला. "घरच्यांनी बारशालाच नोकरी ठरवली होती का तुमची?"

*

जुगाराचा जुना कायदा मोडीत काढून नवा आणायचं चाललं होतं आणि त्याचा मसुदा इन्साफच्या टेबलावर होता. दारांवर काय चालतं ते स्वतः बघितल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही, हा तिचा हट्ट. त्यामुळे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने झुहैरला किल्ल्याजवळच्या कॅफेत बोलावलं, ते निव्वळ कामासाठी. निदान निघताना तरी तिचं तसंच मत होतं.

तो आला तेव्हा त्याच्या कानामागे जाईच्या कळ्यांचा तुरा खोचलेला होता. उन्हाळ्यात संध्याकाळी निम्मं गाव असंच फिरतं. पण इन्साफचं लक्ष आधी गेलं ते कान कोणता याकडे. डावा. म्हणजे लग्न झालेलं नाही. आपण हे का बघितलं, म्हणून ती स्वतःवरच चिडली.

"डावाच आहे," पुदिन्याचा चहा ढवळत तो शांतपणे म्हणाला.

"मी काही विचारलं नाही!"

"डोळ्यांनी विचारलंत. मी दारावरचा माणूस आहे, उस्तादा. तोंड उघडायच्या आत माणूस वाचायचा, हीच माझी नोकरी." वकीलबाईंना तिकडे सगळे 'उस्तादा'च म्हणतात.

"वाचा मग. मी आत्ता काय विचार करतेय?"

त्याने क्षणभर तिच्या डोळ्यांत बघितलं... आणि नजर चहाच्या ग्लासकडे वळवली. "ते सांगितलं तर तुम्ही माझं कॅसिनोत काम करायचं कार्ड रद्द कराल."

कानाच्या पाळ्या गरम झाल्याचं इन्साफला जाणवलं. तिने घाईघाईने वही उघडली.

"कामाचं बोलू. नव्या मसुद्यात दारावरच्या जुन्या यंत्राऐवजी नवं बसवायचं आहे, माणसाशिवाय चालणारं. पासपोर्ट टेकवला, चेहरा जुळला, की दार उघडणार. तुमचं काय मत?"

"यंत्र पासपोर्ट वाचेल," तो म्हणाला. "पासपोर्टामागचा माणूस कोण वाचणार?"

ते वाक्य तिने वहीत लिहिलं. आणि का कोण जाणे, खाली दोनदा रेघ मारली.

त्या सप्टेंबरात मसुद्याच्या कामासाठी इन्साफ चार वेळा हम्मामेतला गेली. त्यातल्या दोन खेपांचं काम फोनवरही झालं असतं.

*

चौथ्या खेपेला ती दुपारी कॅसिनोच्या दारापाशी पोचली, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ झुहैरशी हुज्जत घालत होते. अंगावर इस्त्रीचा सूट, हातात फ्रेंच पासपोर्ट.

"आज काय सबब आहे?"

"यंत्र बंद पडलंय, बशीरचाचा."

"परवाही बंदच होतं!"

"जुनं झालंय बिचारं. तुम्ही घरी जा, खाला वाट बघत असेल."

म्हातारबुवा पुटपुटत, शिव्या घालत निघून गेले. पाठोपाठ दोन जर्मन पर्यटक आले. यंत्राने त्यांचे पासपोर्ट विनातक्रार वाचले.

इन्साफ पुढे झाली. "त्यांचा पासपोर्ट खरा होता."

"सोळा आणे खरा. चाळीस वर्षं फ्रान्समध्ये, लिओंच्या कारखान्यात घालवून मिळवलेला."

"मग कायद्याने ते परदेशी ठरतात. तू त्यांना अडवूच शकत नाहीस! आणि खोटं बोलून?" भांडता भांडता आपण 'तू'वर कधी आलो ते तिलाच कळलं नाही.

झुहैरने रजिस्टर मिटलं. "एप्रिलमध्ये झोहराखाला इथे आली होती. बशीरचाचांची बायको. याच पायरीवर बसली. म्हणाली, पेन्शन आली की दोन दिवसांत आत जाते. डॉक्टरकडे जायचं म्हटलं की यांची मान खाली. तूच अडव रे बाबा. मी म्हटलं, खाला, कायद्यात तसं काही नाही. तर म्हणाली, कायद्यात मी कुठेच नाही का?"

इन्साफने त्या पायरीकडे बघितलं.

"आता तू सांग," तोही 'तू'वर आला. "काय उत्तर द्यायला हवं होतं मी?"

"तू समितीकडे अर्ज करायला हवा होतास."

"केला होता. दोन वेळा. उत्तर आलं नाही."

"अर्ज आला असता तर तो माझ्याच टेबलावर..." ती बोलता बोलता थांबली. मग नजर न चुकवता म्हणाली, "खोटं बोललास ते चूकच. पण त्या बाईचा प्रश्न बरोबर आहे."

ट्यूनिसला परतल्यावर तिने जुनी फाइल उपसली. तळाशी त्याचे दोन्ही अर्ज होते, सुवाच्य अक्षरातले, न वाचलेले. त्याच दिवशी तिने मसुद्यात नवं कलम लिहायला घेतलं. खेळणाऱ्याला स्वतःवर प्रवेशबंदी मागून घेता यावी, आणि घरच्या माणसाने अर्ज केला तर त्याचीही सुनावणी व्हावी.

कलम टाइप होऊन आलं त्याच आठवड्यात कॅसिनोच्या व्यवस्थापनाची तक्रार येऊन थडकली. दारावरचा कर्मचारी झुहैर गर्बी पात्र ग्राहकाला खोट्या सबबी सांगून परत पाठवतो, त्याचं कार्ड रद्द करावं. कार्ड गेलं की देशातल्या कुठल्याच कॅसिनोत त्याला काम मिळणार नव्हतं.

सुनावणी तीन सदस्यांपुढे होती. त्यांतलं एक नाव होतं इन्साफ जाझिरी.

*

ऑक्टोबरचा पाऊस ट्यूनिसच्या खिडक्यांवर सपासप वाजत होता. ओल्या सुटाचा वास येत होता. बशीरचाचा आणि झोहराखाला भिंतीकडच्या खुर्च्यांवर अंग चोरून बसले होते. झुहैर समोर उभा होता. आज त्याच्या डोळ्यांत गंमत नव्हती, पण मान ताठ होती.

इन्साफने रात्रभर हिशेब मांडला होता. अध्यक्ष नूरुद्दीनसाहेब कडक, पण न्यायी. दुसरे सदस्य व्यवस्थापनाकडे झुकणारे. म्हणजे तिचं मत निर्णायक. मनातलं न सांगता नुसतं मत दिलं तरी त्याला वाचवता आलं असतं. कुणाला पत्ता लागला नसता... पण तिला स्वतःला लागला असता, आणि पुढे जन्मभर त्याच्याकडे बघताना तेच आठवलं असतं.

नूरुद्दीनसाहेबांनी चष्मा चढवून नेहमीचा प्रश्न वाचला. "या कर्मचाऱ्याशी कुणा सदस्याचा काही संबंध आहे का? नाही. पुढे..."

"आहे," इन्साफ म्हणाली.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "नात्यातला आहे?"

"नाही."

"शेजारी?"

"नाही."

"मग संबंध काय?"

"अजून काही नाही." तिचा आवाज स्वच्छ होता, एवढा की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. "पण व्हावा, अशी माझी इच्छा आहे. म्हणून मी या सुनावणीत बसू शकत नाही."

नोंदी घेणाऱ्या लिपिकबाईंचं पेन थांबलं. "हे... असंच लिहू?"

"असंच लिहा. कारण लिहून घ्या."

झोहराखालाने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. झुहैरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. माणसं वाचणारा हा माणूस पहिल्यांदाच एखादं पान उलटं धरल्यासारखा बघत होता.

इन्साफने कागद आवरले. "कलमाचा मसुदा टेबलावर आहे, साहेब. त्याचा निर्णय वेगळा व्हावा, माझ्यामुळे तो मागे पडू नये."

आणि ती बाहेर गेली.

*

पाऊण तास ती व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती. आत जागा भरायला राखीव सदस्य बसले होते. तेही व्यवस्थापनाच्या बाजूचे निघाले तर? आपल्या सरळपणाची किंमत त्याने का मोजायची? हा विचार मनात आला तेव्हा मात्र ती दारापाशीच थांबली.

दार उघडलं. झुहैर एकटाच बाहेर आला आणि दोन हातांवर येऊन उभा राहिला.

"बोल ना!"

"तीन महिने कार्ड स्थगित. खोट्या सबबींबद्दल." त्याने श्वास सोडला. "रद्द नाही केलं."

इन्साफने डोळे मिटून घेतले.

"बशीरचाचा उठले होते," तो म्हणाला. "म्हणाले, माझी काही तक्रार नाही. मी याला रोज शिव्या घालत घरी जायचो. पण घरी जायचो. मग अध्यक्षांना विचारलं, ते नव्या कलमाचं खरं असेल तर माझी सही आत्ताच घ्या. आता अर्जाचा नमुनाच तयार नाही! लिपिकबाईंची तारांबळ उडालीय. कलम मसुद्यात गेलंय, इन्साफ. तिघांच्याही सहीने."

तिच्या नावापुढचं 'उस्तादा' गळून पडलेलं तिच्या लक्षात आलं.

"आणि... ते दुसरं?" तिने विचारलं.

"कुठलं दुसरं?"

"झुहैर!"

"अच्छा, ते!" त्याची गंमत परत आली होती, पण आवाज जरासा कापत होता. "मला वाटलं होतं मी आधी बोलेन. तीन आठवडे वाक्यं जुळवतोय. आणि तू सरकारी नोंदीत घालून मोकळी झालीस! आता मी काय बोलणार?"

"तीन आठवडे जुळवलेलं वाया कशाला घालवतोस? बोल की."

तो जवळ आला. पावसाचा आवाज वाढला होता. तिला ऐकू यावं म्हणून त्याला आणखी जवळ यावं लागलं, किंवा निदान तसं निमित्त तरी मिळालं.

"तू दारात पहिल्यांदा आलीस ना, तेव्हा मी नियमाने तुला अडवलं," तो हळूच म्हणाला. "मनाने नाही. मन म्हणत होतं... हिला जाऊ देऊ नकोस." "मला तू आवडतेस, इन्साफ. फार. पण आता माझ्याकडे तीन महिने नोकरी नाही."

"मी नोकरी बघायला आले नव्हते."

तिने आपणहून त्याचा हात हातात घेतला. तो गार होता; बाहेरून धीट दिसणारा हा माणूस आत किती घाबरला होता ते तिला आत्ता कळलं.

त्याचा फोन वाजला. "आई आहे. सकाळपासून निकालाची वाट बघतेय." त्याने थोडक्यात सगळं सांगितलं – कार्डाचं, कलमाचं, आणि नोंदीत लिहिलेल्या कारणाचंही. मग पलीकडचं ऐकून त्याने फोन मुकाट्याने इन्साफपुढे धरला. "तुला मागतेय."

इन्साफने फोन कानाला लावला.

"तूच का ती?"

"हो. मीच."

"माझ्या मुलाला तीन महिने घरी बसवलंस."

"समितीने बसवलं, खाला. मी बाहेर होते."

"ते ऐकलं मी. आत बसून वाचवता नसतं आलं?"

"आलं असतं. पण मग त्याचं खरं होतं म्हणून तो सुटला, की माझ्यामुळे सुटला, ते कुणालाच कधी कळलं नसतं. त्यालाही नाही."

पलीकडे कुकरची शिटी झाली. झुहैरने छताकडे बघत काहीतरी प्रार्थना पुटपुटली.

"रविवारी जेवायला ये," शेवटी आवाज आला. "कुस्कुस करते. आमच्याकडे तिखट असतं हो. चालतं का तुला?"

"तुम्ही कराल तितकं."

"मग जमेल," आई म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

"काय म्हणाली? अगं, काय म्हणाली ती?"

इन्साफने फोन त्याच्या खिशात सरकवला, त्याचा कोट नीट केला आणि हसली.

"जमेल म्हणाल्या."