घुबडाखालचं नाव

पावसाची सर चुकवायला ती संग्रहालयात शिरली आणि घुबडांच्या नव्या फलकापुढे थबकली. वाक्यं तिचीच होती! दवाखान्यात लोकांचे दात दुरुस्त करून उरलेल्या वेळात ती एका मुक्त ज्ञानकोशाच्या वेबसाइटवर घुबडांविषयी लिहायची. तिथला मजकूर कुणीही वापरावा. अट एकच, लिहिणाऱ्यांचं श्रेय द्यावं. इथं मात्र ठसठशीत छापलं होतं — ‘लेखन : संचालक’.

“चोर!” ती मोठ्यांदा म्हणाली.

“कोण, मी?” शिडीवरून आवाज आला. हातात कुंचला, गालावर तपकिरी रंग... आणि डोळे हसरे. “मी फक्त चित्रं काढलीत.”

“मग तुमचं नाव कुठाय?”

“नसतं. सवय झालीय.”

“घाणेरडी सवय आहे!”

चित्रकार खाली उतरला. तिनं तावातावानं मोबाइलवर लेखाचा इतिहास उघडला — कुणी काय लिहिलं, कुणी काय सुधारलं, सगळं. तो वाकून वाचू लागला. तिच्या ओल्या केसांतलं पाणी त्याच्या मनगटावर ठिबकलं; त्यानं हात हलवला नाही.

“या टोपणनावांतल्या तुम्ही कोण?”

“पिंगळा,” ती जराशी लाजली.

“मग पिंगळ्याचं नाव घालायला सांगू?”

“एकट्या माझं? मुळीच नाही! पिल्लांचा भाग ‘सुईदोरा’चा आहे. सगळ्यांची हवीत.”

दोघं संचालकांकडे गेले.

“इंटरनेटवरचं फुकटच असतं हो,” ते चहा ढवळत म्हणाले. “तिथं काय, कुणीही लिहितं.”

“फुकट दिलंय, बेवारशी टाकलेलं नाही!” तिनं मोबाइल त्यांच्यापुढे धरला. “सुईदोऱ्यानं एका ओळीसाठी पुस्तकं पालथी घातलीत. तो ‘कुणीही’ नाही!”

“चित्रकार, यांना बाहेर न्या.”

चित्रकाराचे कान लाल झाले. “नावं घाला, साहेब. माझंही. नाहीतर उरलेली चित्रं दुसऱ्याकडून करून घ्या.”

“घेईन की!”

त्याचं काम तिथंच सुटलं. पण ती, सुईदोरा आणि बाकीचे लिहिणारे संग्रहालयाच्या विश्वस्तांच्या मागे हात धुऊन लागले. रोज दवाखाना सुटल्यावर चित्रकार तिला भेटायचा, विश्वस्तांचा ताजा नकार ऐकायचा, तिच्याबरोबर चिडायचा.

अखेर विश्वस्त नमले आणि फलक बदलला. दोघं बघायला गेले. सगळी नावं होती, त्याचंही. त्याचं नाव तिनं बोटानं हळूच गिरवलं.

“आता... भांडण संपलं,” तो चाचरत म्हणाला. “भेटायचं कारणही—”

“भांडण संपलं? रोज भेटता, आणि अजून मला ‘अहो-जाहो’ करता!”

“बरं... तू,” त्यानं तिचा हात धरला. “तू मला फार आवडतेस.”

“मलाही तू,” तिचे डोळे भरून आले. “पण तुझं काम घालवलं ना त्यांनी, तो राग मी सोडणार नाही. सांगून ठेवते!”