टिकली जेवेना

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. आमच्या खोलीत जे झालं तेच सांगतोय, पदरचं काही घालत नाही.

साल १९९५, जानेवारी. जागा कळंबोली. आणि रात्र नव्हती, भर दुपार होती.

मी तेव्हा लोखंड बाजारात क्रेन चालवायचो. शेजारच्या खोलीत हौसेराव राहायचे. साताऱ्याकडचे, एकटेच. वजनकाट्यावर कामाला. त्यांची एक कुत्री होती. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली.

एका सोमवारी हौसेराव काट्यावर बसल्या बसल्या गेले. चहाचा ग्लास हातातच राहिला. भावाने दवाखान्यातून त्यांना परस्पर गावी नेलं.

टिकलीने त्यांना शेवटचं पाहिलंच नाही.

मी आणि माझी बायको जयमाला, आम्ही तिला घरी आणलं. चार दिवस तिने अन्नाला तोंड लावलं नाही. दूध ठेवलं, अंडं ठेवलं. नुसती दाराकडे बघत पडून. फासळ्या दिसायला लागल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी सुई दिली आणि म्हणाले, अजून दोन दिवस खाल्लं नाही तर जगेल असं धरून चालू नका.

पाचव्या दिवशी दुपारी एकला मी जेवायला घरी आलो. जयमाला बाहेर कपडे वाळत घालत होती. दाराला बाहेरून कडी.

आतून आवाज येत होता...

चपचप. चपचप.

कडी काढली. आवाज थांबला.

ताटलीत दूध संपत आलेलं. आणि त्यात भाकरी... बारीक कुस्करलेली.

जयमालाने तर अख्खी भाकरी ठेवली होती. आत दुसरं कोणी नव्हतं.

कुस्करून हौसेराव द्यायचे. बोटांनी, लहान लेकराला द्यावी तशी.

मग रोज तेच. आम्ही बाहेर असलो, दार बंद असलं, तरच.

एकदा मी फटीतून पाहिलं. टिकली मान वर करून बसली होती, डोळे मिटून. आणि तिच्या कानामागचे केस...

दबत होते. सावकाश. कोणी हात फिरवावा तसे.

जयमालाला पाचवा महिना होता. त्याच संध्याकाळी अगरबत्ती लावून मी हात जोडले.

"हौसेराव, टिकलीला आम्ही बघतो. तुम्ही आता जा."

टिकली उठली. कोणाच्या तरी मागोमाग उंबऱ्यापर्यंत गेली... आणि अशी रडली की शेजारपाजारचे बाहेर आले.

दुसऱ्या दिवसापासून अन्न परत बंद. भाकरी अख्खी. तिसऱ्या दिवशी तिला उठताही येईना. जयमाला तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"बोलवा त्यांना," ती म्हणाली.

"अगं, तुझ्या पोटात..."

"मुक्या जीवाला भरवायला येतो तो माणूस. माझ्या बाळाचं काय वाईट करणार? बोलवा."

मी दारात उभा राहिलो. समोर रस्त्याला ट्रक लागलेले, लख्ख ऊन. लाज वाटत होती. भीती तर होतीच.

"या हौसेराव. जेवत नाही ती."

दार ओढून आम्ही बाहेर थांबलो. पाच मिनिटं... दहा...

चपचप.

जयमाला तोंडाला पदर लावून रडली.

टिकली पुढे चार वर्षं जगली. आमची मुलगी तिच्याच अंगावर लोळून मोठी झाली. मुलीला कधी साधा ओरखडाही नाही. दुपारी एकला आम्ही खोली रिकामी करायचो आणि पायरीवर बसून जेवायचो. सवयच झाली.

नव्याण्णवच्या मे महिन्यात टिकली झोपेतच गेली. तिला पुरून आलो. मग उंबऱ्यावर उभा राहून मी परत हात जोडले. म्हटलं, हौसेराव, झालं आता. तुम्ही मोकळे.

काहीच झालं नाही. पडदासुद्धा हलला नाही.

मागच्या वेळी ते गेल्याचं आम्हाला टिकलीने सांगितलं होतं.

आता सांगणारं कोणी नाही...

आम्ही अजून त्याच खोलीत राहतो. दुपारी एक वाजला की जयमाला म्हणते, चला, बाहेर बसू.

का, ते मी विचारत नाही.