मोक्दल खिंडीतली शिदोरी

त्या दिवशी सकाळपासून कोरियातल्या सोल शहरावर धुकं उतरलं होतं. पाऊस नाही, वारा नाही. नुसतं ओलं, पांढरं, अंगाला चिकटणारं धुकं. झाडांची पानं केव्हाच गळून गेली होती. उघड्या फांद्यांवर एखाद-दुसरं नारिंगी फळ पाखरांसाठी म्हणून राखलेलं, तेवढंच काय ते दिसत होतं.

ग्येचुल म्हाताऱ्याला धुक्याचं काही वाटलं नाही. रंगाच्या कारखान्यात जन्मभर वाफेत उभा राहिलेला माणूस तो. समोरचं न दिसण्याची त्याला सवयच होती. शिवाय मंगळवार हा त्याचा हिंडायचा दिवस. म्हाताऱ्यांना भुयारी रेल्वे फुकट. शेवटच्या स्टेशनापर्यंत जायचं, तिथून दिसेल त्या छोट्या बसमध्ये चढायचं आणि ती संपेल तिथे उतरायचं. शहर कुठे कुठे संपतं ते बघायचं, आणि संध्याकाळी बायकोला सांगायचं.

बायको, मालसून, किती दिवसांत घराबाहेर पडली नव्हती. तिला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. ग्येचुलच्या हातचा घास तेवढा ती घ्यायची. दुसरं कुणी भरवायला गेलं की ओठ घट्ट मिटून बसायची. मंगळवारी तिच्यापाशी शेजारची दामीची आई थांबायची.

"आजोबा, अंधाराच्या आत या हं," ती दारातच म्हणाली. "मला दामीला पाळणाघरातून आणायचंय. मागच्या खेपेला मी जरा पाठ वळवली, तर आजींनी गॅस सुरू करून ठेवला होता."

"येतो गं. म्हातारा पळून कुठे जाणार?"

"खरंय. पळायला गुडघे लागतात!"

हसत हसतच तो निघाला. स्टेशनाबाहेर त्याने दोन किंबाप घेतले, शेवाळाच्या पापुद्र्यात वळलेला भात आणि मुळ्याचं लोणचं, वरून तिळाचं तेल नि तीळ. एक स्वतःला, एक मालसूनला. तो जिथे जाऊन येई तिथली चव म्हणून तिला द्यायला.

बस चढण चढत गेली. घरं विरळ झाली, मग गोदामं, मग तीही संपली. मोक्दल खिंडीत बस थांबली आणि तो एकटा उतरला. थांब्याला छप्पर होतं, बाकडं होतं, मागे थडग्यांची टेकडी होती. धुक्यातून त्या थडग्यांचे गवताळ उंचवटे पालथ्या वाडग्यांसारखे दिसत होते.

भूक लागली होती. बाकड्यावर बसून त्याने आपला किंबाप खाल्ला, अगदी सावकाश, शेवटचा तीळसुद्धा वेचून.

त्याच्या आईने असं कधी केलं नसतं. डोंगरात, शेतात, उघड्यावर शिदोरी सोडली की ती पहिला घास दूर फेकायची आणि "गोसुरे!" म्हणून हाक द्यायची. त्या जागी जे कोणी असेल त्याचा तो वाटा. ग्येचुलही बाहेरगावी तसंच करायचा. पण इथे शहराचीच बस, शहराचाच थांबा, डोक्यावर पत्रा. हे उघड्यावर कसं म्हणायचं? घास टाकायचं त्याच्या मनातच आलं नाही.

थोड्या वेळाने परतीची बस आली. त्याने यंत्राला कार्ड टेकवलं. यंत्रातली बाई म्हणाली, "आपली नोंद आधीच झाली आहे."

"बिघडलंय वाटतं," तो म्हणाला.

ड्रायव्हरने मान वळवली नाही. बसमध्ये दुसरं कुणी नव्हतं. काचेबाहेर पांढरं, नुसतं पांढरं. बस उताराला लागली हे त्याला गुडघ्यांत कळत होतं. बराच वेळ ती उतरतच राहिली. मग थांबली.

"शेवटचा थांबा, आजोबा. उतरा."

तो उतरला. समोर तेच बाकडं होतं. खाताना त्याच्या नजरेतून सुटलेलं एक शीत अजून तिथेच होतं.

"अहो... मी तर इथूनच चढलो!"

"सगळे इथेच उतरतात," ड्रायव्हर म्हणाला, आणि बस धुक्यात गेली.

आपला डोळा लागला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. दुसरी बस आली. यंत्र तेच म्हणालं. या खेपेला तो दांडी धरून उभाच राहिला, डोळे ताणून. बस उतरत गेली, उतरत गेली, आणि पुन्हा खिंडीत येऊन थांबली.

आता उजेड मंदावू लागला होता. दामीची आई घड्याळाकडे बघत असेल. तिला जावंच लागणार, लेकरू वाट बघतंय. मग घरात मालसून एकटी... आणि तो गॅस...

तो बाकड्यावर बसायला गेला आणि दचकून उठला. बाकडं उबदार होतं, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखं.

आणि मग तो आवाज आला. चावण्याचा. टेकडीवरून, छपरामागून, अगदी शेजारूनही. तोंडात काही नसताना दात नुसते दातांवर वाजावेत तसा, संथ... तिळाच्या तेलाचा वास त्याच्या बोटांना होता, आणि धुकं त्या बोटांजवळ दाटत चाललं होतं.

"कोण... कोण आहे?"

चावणं थांबलं. एक बाईमाणूस अगदी हळू, लाजल्यासारखं बोललं, "काही उरलंय का हो...?"

म्हाताऱ्याला आई आठवली. त्याला आधी भीती नाही, शरमच वाटली. त्याने पिशवीतला मालसूनचा किंबाप सोडला.

"गोसुरे!" त्याने पहिला घास टेकडीकडे फेकला. घास पडल्याचा आवाज आला नाही. "गोसुरे!" दुसरा. मग तिसरा... पुडकं रिकामं होईपर्यंत.

"बायकोचा वाटा होता तो," तो म्हणाला. "ती माझ्याच हातचं खाते. घरी एकटी पडेल. जाऊ द्या मला, माय."

मग कुठेतरी खाली हॉर्न वाजला.

बस आली ती आतल्या दिव्यांनी पिवळी झालेली, मुळ्याच्या जुड्या मांडीवर घेतलेल्या चार म्हाताऱ्यांनी भरलेली. ड्रायव्हर खेकसला, "आजोबा, हात करायला काय होतं? या धुक्यात तुम्ही खांबासारखे दिसता!"

"खांब बरा," एक म्हातारी म्हणाली, "निदान तो सरळ उभा राहतो!" आणि चौघी खिदळल्या.

कार्ड टेकवलं तशी यंत्राने नुसती शीळ घातली. इतका गोड आवाज ग्येचुलने जन्मात ऐकला नव्हता. तो त्या म्हाताऱ्यांच्या मधोमध दाटीने बसला आणि डोळे पुसत राहिला. एकीने नुसता मुळा बाजूला सरकवून जागा केली.

तो घरी पोचला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. दार उघडंच होतं. मालसून खिडकीशी बसली होती, पोट भरलेल्या मुलासारखी शांत. दामी जमिनीवर चित्र काढत होती. गॅस बंद होता. ग्येचुल उंबऱ्यातच मटकन खाली बसला. त्याचा जीव भांड्यात पडला होता.

"तू गेली नाहीस?"

"पळत जाऊन दामीला इकडेच घेऊन आले. गॅस खालूनच बंद करून गेले होते, आजींना फार वेळ एकटं ठेवायचं नव्हतं ना मला," दामीची आई म्हणाली. "तुमच्या घरचा फोन वाजला. कुणी बाई होती, फार हळू बोलत होती. म्हणाली, आजोबांना थोडा उशीर होईल, पण आता सोडलंय त्यांना. आजींना भरवताना पहिला घास खिडकीबाहेर टाका, मग खातील. आणि खाल्लं की हो त्यांनी, माझ्या हातून! भली बाई दिसते, आजोबा. ठेवता ठेवता म्हणाली, पुढच्या मंगळवारी येताना जरा जास्त आणायला सांगा... इथे आम्ही बरेच जण आहोत."